विमानाची खांदेमळणी

विमानाच्या इंजिनात कुठलं तेल घालावं असं आज मला कुणी विचारलं, तर मी आधी त्यालाच विचारीन की बाबा, तुझ्याकडे काय काय आहे? पुस्तकातलं उत्तर सोपं असतं, कारण पुस्तक लिहिणाऱ्याच्या मागे तेलाची भरलेली पिंपं असतात. आमच्याकडे, निजामाच्या राज्यात, तेव्हा नाकेबंदी होती, एक माथेफिरू जहागीरदार होता आणि गावात एक तेलाचा घाणा होता. त्यातून जे निवडायचं ते मी निवडलं आणि बरोबर निवडलं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकून लोक माझ्याकडेच टवकारून बघायला लागतात.

लढाईच्या काळात मी हैदराबादेत विमानं दुरुस्त करायच्या एका कारखान्यात मिस्तरी होतो. लढाई संपली आणि आम्हाला नारळ मिळाला. मुरुमच्या बाजारापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एका जहागीरदारानं लढाईतलं जुनं विमान घेतलंय, त्याला माणूस हवाय, असं कळलं. पोट होतं, म्हणून गेलो. विमान दोन माणसांचं, वर-खाली दुहेरी पंखांचं, कापडानं मढवलेलं. गावाबाहेरच्या माळावर दगड वेचून, मुरूम दाबून त्याच्यासाठी पट्टी केली होती. घरटी एक माणूस वेठीला धरून ती करवली होती. ज्यांनी ती केली त्यांना विमानाच्या जवळ यायची बंदी होती.

जहागीरदाराला सगळे 'सरकार' म्हणत. तोंडावर मीही अहो-जाहो करत होतो. इथं करणार नाही. तो हैदराबादेत राहून विमान उडवायला शिकला होता आणि खरं सांगायचं तर बरा उडवायचा. आवाज कधी चढवत नसे. एखाद्याला मारायला उभा करायचा आणि मऊ आवाजात विचारायचा, "जेवलास का?" तो 'व्हय सरकार' म्हणाला तरी मार आणि 'न्हाय सरकार' म्हणाला तरी मार. गावात कुणी कुणाला सहज 'जेवलास का' विचारलं तरी माणसं दचकायची, इतकं त्यानं ते वाक्य नासवलं होतं.

माझी राहायची सोय घाण्यावाल्या अप्पांच्या ओसरीत केली होती. अप्पा लिंगायत, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, अंगाला कायम तेलाचा वास. माणसांशी मराठी बोलत आणि घाण्याच्या बैलाशी कानडी. बैलाला मराठी कळत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या बायकोला मी अव्वा म्हणायचो. दोघांना एकच मुलगा, विशीतला, आणि मी तिथं राहायला गेल्यावर काही दिवसांतच तो पकडला गेला. निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात लपलेल्या पोरांना त्यानं भाकरी पोचवल्या होत्या. सरकारनं त्याला गढीतल्या धान्याच्या कोठीत कोंडून ठेवला. कोठीला खिडकी नव्हती. अव्वा रोज भाकरी घेऊन जायच्या आणि ती दारावरचे शिपाई खायचे.

इकडे नाकेबंदी आवळत गेली. पेट्रोल सरकारनं आधीच दडवून ठेवलेलं होतं, तेवढं पुरत होतं. पण इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही. त्या जातीचं इंजिन तेल पितं, उडालं की पितं. विलायती तेलाचं शेवटचं पिंप तळाला गेलं आणि नवं नाक्यावरून आत येईना. सरकारनं मला बोलावलं आणि म्हणाला, "मिस्तरी, पोळ्याला मला गावावरून उडायचं आहे. तेल तू शोध."

मी शोधलं. आमच्या भागात तेलांना काय तोटा! शेंगदाण्याचं होतं, तिळाचं होतं, जवसाचं, करडीचं, एरंडाचं. मोटारीचं वापरलेलं काळं तेल होतं, ते पाण्यासारखं पातळ झालेलं. जवस तर सरळ बाद, कारण जवसाच्या तेलाचं वार्निश होतं. करडीही त्याच वाटेची. आमच्याकडे चामड्याच्या मोटेला पाणी लागू नये म्हणून करडीचं तेल तासन् तास कढवून त्याचं रोगण लावतात. ते एकदा बसलं की नखानं निघत नाही. इंजिन म्हणजे कढईच. त्यात करडी घातली की आतल्या आत रोगण तयार. राहिलं एरंडेल. ते तापलं तरी पातळ होऊन पळत नाही आणि लोखंडाला धरून राहतं. जुन्या काळी विमानं एरंडेलावरच उडायची, हे मला कारखान्यातल्या म्हाताऱ्या फोरमननं सांगितलेलं. त्याचा एक दोष, की इंजिनात पडून राहिलं तर तेही चिकटतं. म्हणून उड्डाण झालं की गरम असतानाच काढून टाकायचं. आमच्याकडे काढून टाकण्याएवढं तेल नव्हतं, तेव्हा काढलेलंच गाळून पुन्हा घालायचं असं मी ठरवलं.

सरकारला हे सांगितलं तेव्हा अप्पा गढीच्या पायरीशी उभे होते. मुलासाठी ते रोजच उभे असत. सरकारनं त्यांना पुढं बोलावलं. "एरंडेल तुझ्या घाण्यातून निघेल?"

"निगल की, सरकार."

"मग काढ. पोळ्याला विमान उडालं की दुसऱ्या दिवशी तुझा मुलगा तुझ्या घरी जेवायला असेल."

अप्पांनी जमिनीला डोकं टेकवलं. मला आठवतं, मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. एका माणसाचा जीव माझ्या निवडीवर सुटत होता आणि माझी निवड चोख होती.

अप्पांना मी सगळं नीट सांगितलं. एरंडी भाजायची नाही, कढवायची नाही. घाणा धुऊन घ्यायचा, दुसऱ्या तेलाचा थेंब राहता कामा नये. तेल फडक्यातून गाळायचं. आणलेलं तेल मी त्यांच्यासमोर पारखलं. काचेच्या बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात तेल ओतलं. शुद्ध एरंडेल स्पिरिटात विरघळून स्वच्छ राहतं आणि दुसरं तेल असेल तर दुधासारखं पांढरं होतं. बाटली स्वच्छ राहिली. अप्पा लहान मुलासारखे त्या बाटलीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मिस्तरी, येक सांगू का? सरकारच्या विमानाला ह्ये तेल बरं दिसत न्हाय. ह्ये गाडीच्या कण्याला घालत्यात. पोट साफ करायला पेत्यात."

मी चिडलो. म्हणालो, "विमानाला दिसण्याचं काय करायचंय? त्याला हेच लागतं." अप्पांनी मान हलवली. मी डब्याला झाकण बसवून लाखेनं बंद केलं. मला वाटलं, विषय संपला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी चाकाच्या ट्यूबला ठिगळ लावायचं सामान आणायला मी मुरुमला गेलो. त्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, हळद आणि तूप नाहीतर तेल लावून मळतात आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाय या." वर्षातून एकदाच बैलाला माणसासारखं बोलावणं जातं. सरकारच्या डोक्यात आलं की विमानाचीही खांदेमळणी करायची. गंमत म्हणून. माळावर सगळा गाव जमवला, पंखांना हळद फासली, नाकावरच्या पंख्याला शेंदूर लावला. तेल घालायचा मान घाण्यावाल्याचा, म्हणून अप्पांना पुढं केलं. ज्या पट्टीवर पाय टाकायला बंदी होती तिथं त्या दिवशी त्यांना मानानं नेलं.

मी परत आलो तेव्हा सगळे पांगले होते. टाकीच्या झाकणाला हळदीचा दोरा बांधलेला होता. जवळ माझाच डबा रिकामा पडलेला. काठी घालून बघितली, तेल काठोकाठ होतं, आणि आधीचं काळं तेल त्यात मिसळल्यामुळं रंगावरून काही कळायची सोय नव्हती. अव्वांनी मला सांगितलं की अप्पांनी विमानाच्या पुढं वाकून, अगदी कानाशी बोलावं तसं, आवतन दिलं. लोक हसले, सरकार सगळ्यांत जास्त हसला. अप्पा मात्र हसले नव्हते.

पोळ्याला विमान उडालं. मी पुढच्या खुर्चीत होतो. खाली वेशीत बैल सजवून उभे केलेले, शिंगांना बेगड, अंगावर झुली, आणि सरकारनं विमान इतकं खाली घेतलं की मला बैलांचे पांढरे झालेले डोळे दिसले. बैल उधळले. तोरण तुटलं, माणसं भिंतींना चिकटली, एक म्हातारा झुलीत अडकून फरपटत गेला. सरकार वळून परत आला आणि पुन्हा तसंच केलं. दुसऱ्या फेरीला खाली कुणी नव्हतं. इंजिन मात्र सुतासारखं चाललं होतं, हे कबूल केलं पाहिजे. नवं तेल पहिल्या दिवशी कुठलंही चांगलंच चालतं.

दुसऱ्या दिवशी अव्वांनी पुरण घातलं. अप्पा गढीवर गेले आणि एकटेच परत आले. सरकार म्हणाला होता, "घाई काय आहे? आठ दिवस विमान चालू दे, मग बघू." अप्पा मला म्हणाले, "सरकारनी सबद दिलाय. तेवढं आठ दिस." मी रोज जाऊन विमानाला हात लावायचो, पण झड लागली होती. तेल गरम असताना काढायचं म्हणून मी उड्डाणानंतर लगेच नळी लावायला निघालो होतो, तर सरकार म्हणाला होता, "राहू दे भरलेलं. कधी निघावं लागेल सांगता येत नाही." निजामाच्या राज्याचं काय होणार हे त्याला आमच्या आधी कळलेलं होतं. विमान ताडपत्रीखाली पोटात तेल घेऊन उभं राहिलं.

मग एका सकाळी नळदुर्गाकडून तोफांचे आवाज आले. हिंदुस्थानची फौज आत शिरली होती. सरकार चामड्याची पेटी घेऊन माळावर आला, टोपी घालून, चष्मा लावून. गढीतलं सामान गाड्यांवर चढत होतं आणि त्या गाड्यांना गावातले बैल ओढून आणून जुंपले होते. अप्पांचा घाण्याचा बैलही त्यात होता. सरकार विमानानं जाणार, सामान गाड्यांनी येणार, असा बेत. मी पंखा फिरवायला हात लावला. पंखा हलला नाही. दोन्ही हातांनी लोंबकळलो, तरी नाही. एखादी वस्तू अडकते तेव्हा थोडी तरी मागंपुढं होते. हा भिंतीत चिणल्यासारखा होता. खालचा बोल्ट काढला. तेल पडलं नाही. बोट घातलं तर तपकिरी चिकट तार निघाली आणि बोटाला धरूनच बसली. मोटेचं रोगण. मला वासावरूनच कळलं.

"काय झालं?" सरकारनं विचारलं.

मी म्हणालो, "इंजिन धरलंय, सरकार." का धरलं ते मी सांगणार नव्हतो. पावसाचं पाणी गेलं, जुनं यंत्र आहे, काहीतरी थाप मारली असती. पण अप्पा तिथंच होते. बैलाच्या मागोमाग आलेले, मुलाची आठवण द्यायला थांबलेले. ते हात जोडून पुढं झाले आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, अभिमानानं उजळलेला होता.

"तेलाची फिकीर न्हाय, सरकार. म्या ह्यांचं ऐकलं न्हाय. पोळ्याच्या सणाला, खांदेमळणीला, गाडीच्या कण्याचं तेल कसं घालायचं? ते गाववाल्यांच्या गाड्यास्नी वाटून टाकलं. डब्यात घरचं करडीचं भरलं. लई नितळ. म्या सोता काढल्यालं."

अजून मला त्या माणसाचा राग येतो. जन्मभर ज्यानं करडीचं रोगण कढवून मोटेला लावलं त्याला हे कळू नये? कळत होतं. पण तो देव्हाऱ्यात आणि जनावरात आणि सरकारात फरक करत नव्हता. ज्याच्यापुढं वाकायचं त्याला घरातलं उत्तम द्यायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. आणि पोरगा कोठीत असताना तर उत्तमाहून कमी द्यायची त्याची छातीच झाली नसती. मी डोकं आपटून सांगितलं होतं, आणि त्यानं मान हलवली होती ती नुसती मला बरं वाटावं म्हणून.

सरकारनं डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला. मग मऊ आवाजात म्हणाला, "जेवलास का?"

अप्पांचे हात जोडलेलेच राहिले.

"एरंडी आहे ना घरात?"

"हाय, सरकार."

"मग चल. आता माझ्यासमोर काढ."

"बैल गाडीला लावलाय, सरकार."

"तुझ्याकडे दुसरा आहे," सरकार म्हणाला, आणि त्यानं शिपायाला कोठी उघडायला पाठवलं.

मुलाला घाण्यापाशी आणलं तेव्हा उन्हानं त्याचे डोळे उघडत नव्हते. बापाला बघून तो हसला. त्याला वाटलं, सुटलो. अव्वा घरातून धावत आल्या आणि त्यांनाही तेच वाटलं. मग त्याच्या खांद्यावर जू ठेवलं.

घाण्याच्या आडव्या लाकडावर वजन लागतं, नाहीतर बी दबत नाही. त्या लाकडावर रोज अप्पा बसायचे आणि बसल्या बसल्या बैल हाकायचे. सरकारनं लिंबाखाली खुर्ची मागवली आणि म्हणाला, "रोज बसतोस तसा बस." अप्पा बसले. पोरगं त्यांना ओढायला लागलं. घाण्याच्या बैलाला झापड बांधतात, नाहीतर त्याला घेरी येते. सरकार म्हणाला, "झापड?" अप्पा उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मुलाच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. काही लोक पुढं म्हणाले की बापानं हे करायला नको होतं. तिथं उभं राहून बघितलेल्यांपैकी कुणी असं म्हटलं नाही.

मी सरकारला म्हणालो, "नव्या तेलानं हे इंजिन सुटत नाही. सगळं खोलून खरवडावं लागेल. ह्याचा काही उपयोग नाही."

"मला माहीत आहे, मिस्तरी," तो म्हणाला. "मी शिकलेला माणूस आहे."

फेऱ्या चालू झाल्या. मुलगा महिनाभर अर्धपोटी होता. तो अडखळला की लाकूड थांबायचं आणि सरकार म्हणायचा, "बैलाला काय म्हणतोस? ते म्हण." अप्पा बोलेनात. शिपायानं काठी उचलली, ती मुलाच्या पाठीवर. तेव्हा अप्पांच्या तोंडून निघालं, "नडी." म्हणजे चल. मुलगा चालला. पुन्हा थांबला, पुन्हा "नडी". सकाळ सरेपर्यंत आम्ही तो एकच कानडी शब्द ऐकत होतो आणि मागून तोफा जवळ येत होत्या. जुवापाशी मुलाच्या खांद्याची कातडी गेली, मग रक्त आलं, मग जू त्यातच रुतलं. अव्वा भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. गावातलं कुणी पुढं आलं नाही, मीही गेलो नाही. चार बंदुका होत्या. एवढं कारण पुरतं.

डब्याचा तळ भरला तेव्हा सरकारनं घड्याळ बघितलं आणि उठला. त्याचा गाडीवान तो डबा घेऊन गेला आणि ते तेल गाड्यांच्या कण्यांना घातलं. एरंडेल शेवटी जिथं घालतात तिथंच गेलं. सरकार पुढच्या गाडीत बसला. अप्पांचा बैल त्याच गाडीला होता. अप्पांच्या घाण्याच्या तेलावर गाडी कुरकुर न करता गेली. त्याचं पुढं काय झालं म्हणून लोक विचारतात, त्यांना काहीतरी शिक्षा ऐकायची असते. काही झालं नाही. तो हैदराबादेत जगला आणि अंथरुणावर मेला. विमान माळावर राहिलं. पोरांनी त्याचं कापड फाडून पतंग केले.

संध्याकाळी अव्वांनी पाणी तापवलं. अप्पांनी मुलाला ओसरीत बसवलं, खांदा शेकला आणि वाटीत हळद कालवली. घरात तेल करडीचंच होतं. त्यांनी दोन्ही हातांनी खांदा मळायला घेतला, मानेकडून खाली, मग परत वर. मुलगा डोळे मिटून बसला होता. मी समोर होतो म्हणून मला ऐकू आलं. अप्पांच्या हातांना ते काम जन्माचं सवयीचं होतं आणि हातांबरोबर तोंडही चालू झालं. ते वाकले आणि मुलाच्या कानाशी पुटपुटले, "आज आवतन घ्या, उद्या..."

तिथं त्यांचं त्यांनाच कळलं. हात तसाच खांद्यावर राहिला.

मुलानं डोळे उघडले. बापाकडे बघितलं नाही. म्हणाला, "हात काडा, अप्पा." बस, एवढंच. अंगरखा न घालताच तो आत जाऊन आडवा झाला आणि उजाडायच्या आत निघून गेला. कुठं गेला ते सांगितलं नाही. तो गेला तो गेलाच. सोलापूरच्या गिरणीत आहे असं पुढं कुणी सांगे, कुणी दुसरंच काही.

तो गेला त्या दुपारी मी माझं बोचकं बांधत होतो. अव्वांनी तीन ताटं वाढली, एक माझं, एक अप्पांचं आणि एक मुलाचं. मुलाच्या ताटात आदल्या दिवशीचा शिळा तुकडाही नव्हता, सगळं ताजं होतं. खूप वेळ वाट बघून त्यांनी अप्पांना विचारलं, "जेवाय येतो म्हनला का?"

अप्पा ताटाकडे बघत म्हणाले, "आवतन तर दिलंय."

मी न जेवताच उठलो.